टेलचं पाणी

रुकडीच्या पाणीपुरवठा संस्थेत
एकतीस वर्षं पाटकरी होतो मी.
जॅकवेलची मोटर सुरू झाली की
चेंबरला कान लावून सांगायचो
पाणी कुठवर आलंय,
मगदुमांच्या बांधाला, का चौगुल्यांच्या वाफ्यात.

आता कान छातीला लावायचा
तर मान एवढी वळत नाही.

घास गळ्यातून सुटतो, तिथवर ठीक.
मग छातीच्या मधोमध उभा राहतो,
एस.टी.च्या दारात म्हातारा थांबतो तसा,
मागचे ओरडतायत आणि हा पिशवी शोधतोय.

पदमव्वा म्हणाली, "नीट चावत न्हाईसा."
सन्मती म्हणाला, "आजोबा, फोन बघत जेवता."
फोन त्याचाच असतो.
मी म्हणालो, ज्वारी बदललीय अलीकडं.

शेवटी कोल्हापूरला, दसरा चौकाजवळच्या दवाखान्यात
मोमीन डॉक्टरीणबाईंनी पेलाभर पांढरं दिलं,
ओल्या खडूच्या चवीचं.
"गिळा. आता तिकडं बघा."
पडद्यावर माझाच पाट, काळ्यावर पांढरा.
वरून लाट निघाली, चांगली निघाली,
निम्म्यात आली आणि विसरली
कशाला निघाली होती ते.
खाली चार ठिकाणी नळी उगीच आवळत होती,
सुटत होती, सगळीकडं एकदम,
पुढं काहीच सरकत नव्हतं,
आमच्या वार्षिक सभेसारखं.

बाई म्हणाल्या, गिळेपर्यंत तुमचा हुकूम,
पुढचं आपोआप.
त्या स्नायूंना हाळी देणाऱ्या नसा
वयानं कमी होतात, काका.
जोर उतरतो, हाक उशिरा पोचते.
वाईट असं काही दिसत नाही.
बारीक घास घ्या, ताठ बसा,
घासावर घोटभर पाणी प्या. घाई नको.

घाई नको म्हणे.
आमच्या घरात सूर्य मावळला की ताट उचलतात, बाई.
सात वर्षांचा असताना आईनं नेम दिला,
पाण्याचा थेंबसुद्धा नाही,
त्याला आता सत्तर वर्षं होतील.

म्हणून पाचला बसतो.
वैशाखात पुरतं.
पौषात नाही पुरत.

काल चतकोर भाकरी राहिली,
आमटीत कुस्करून लापशी केलेली.
मागच्या दारात ऊन उंबऱ्यावरून निघालं.
पदमव्वा म्हणाली, "हाय अजून. उसाआड गेलाय."
एकतीस वर्षं सूर्य बघून पाळ्या बदलल्या मी,
आणि ही मला सूर्य सांगत होती.
पंचावन्न वर्षांत पहिलंच खोटं,
असं धरून चालू.

शेवटचा घास घेतला.
तो उतरला, आणि थांबला.
आणि ऊस काळा झाला.

आता पाणी नाही. उजाडेपर्यंत नाही.
घास दिवसाचा, आणि छातीत रात्र.
हा कुणाच्या खात्यावर मांडायचा?

असलेच तंटे यायचे माझ्याकडं.
पाळी संपलेली, व्हॉल्व्ह बंद,
पण पाटात उरलेलं पाणी चाललंय आपलं हळूहळू.
एकजण म्हणे माझं, दुसरा म्हणे आता माझी वेळ.
टेलला कांबळ्यांचं अर्धा एकर रान,
त्यांच्यात तर कायम अंधारातच पोचायचं.
मी बांधावर उभा राहून सांगायचो,
ज्याच्या वेळेत सुटलं, त्याचं पाणी.
कधी पोचलं ते विचारायचं नाही.

माझाच निकाल. ताठ बसलो.
पदमव्वा पाठीवरून हात ओढत होती,
वरून खाली, परत वरून खाली,
पाटातला गाळ ओढावा तसा.
सन्मतीनं बटण दाबलं, उजेड पडला.
"पोचलं का, आजोबा?"

थांब जरा, म्हणालो.
कांबळ्यांच्या बांधापर्यंत आलंय.